भाता कोण मारणार?

संगीताच्या घरात पेटी नव्हती. शेजारी नव्हती, भावकीत नव्हती, अख्ख्या वस्तीत नव्हती. तरी अकरा महिन्यांत ती पेटी शिकली. म्हणजे शिकली असं तिला वाटत होतं, आणि तिच्यापेक्षा जास्त तिच्या सासूला वाटत होतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

धारूरच्या डोंगरपट्ट्यात एक गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्यांची दहा-बारा घरं. त्यातलं एक संगीताचं. नवरा परमेश्वर, सासू रतनबाई, साठ-सत्तर मेंढरं, चार शेळ्या आणि एक म्हातारं तट्टू. परमेश्वर कधी बाजाराला, कधी जनावरांच्या औषधाला खालीच असायचा, त्यामुळं मेंढरांमागं बहुतेक संगीताच. पस्तिशीची बाई, अंगानं काटक, बोलायला कमी. गावच्या बायकांच्या भजनी मंडळात ती सतरंजीच्या पार कडेला बसून टाळ वाजवायची, आणि तेही असं, की कुणाच्या कानाला त्रास नको.

मंडळ केशरकाकूंचं, बारा वर्षांपासूनचं. काकूंचे मालक सुंदरराव एके काळी पंचायत समितीचे सभापती होते. घर मोठं, बोलणं मोठं, आणि काकूंचा आवाज तर असा, की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला बैल थांबावा. पण भजनात हा आवाज कुणी धड ऐकलाच नव्हता. कारण पेटीवर तात्याबा.

तात्याबा गावचा शिंपी. सत्तरी गाठलेला, डोक्यावर पांढरी टोपी, कानावर खडू. दर एकादशीला मारुतीच्या देवळात आधी बाप्यांचं भजन, मग बायकांचं, आणि दोन्हीला पेटी त्याचीच. तो काळी एक पट्टीत, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून वाजवायचा. बाप्यांना ती ठीक बसायची. बायका त्या पट्टीत गायला लागल्या की आवाज खाली खाली जायचा आणि सगळं मंडळ विहिरीत उतरून गातंय असं वाटायचं.

“तात्याबा, जरा वर घ्या की,” काकू दर एकादशीला म्हणायच्या. “बायकांला काळी चार लागती म्हणं.”

“आपली पेटी काळी एकचीच हाय,” तात्याबा टोपी सारखी करत सांगायचा.

“एकचीच कावून? पट्ट्या तर सगळ्या हायत तिच्यात.”

“मग काळी चारवाला आणा कुठून तरी. मी चाललो, पोलकी शिवायची पडलीत.”

पेटीवाला रुसला तर भजनच बंद, म्हणून काकू गप्प व्हायच्या आणि पुन्हा विहिरीत उतरायच्या.

त्याच सुमारास परमेश्वरनं नवा फोन घेतला आणि जुना संगीताला दिला. जुना म्हणजे तट्टूच्या पायाखालून निघालेला. उजव्या कोपऱ्यात काच तडकून तिथं कोळ्याचं जाळं झालेलं. पण लागायचा आणि ऐकू यायचा. वस्तीवर नेट नव्हतं. वर कड्यावर, सीताफळीच्या झुडपांपाशी एक सपाट धोंडा होता, त्यावर बसलं की ते यायचं. मेंढरं खाली चरायला लागली की संगीता धोंड्यावर चढायची आणि लोकरीच्या पिशव्या कशा विणतात ते बघायची. एक दिवस पिशवीच्या मधेच एक गुरुजी उगवले. झुळझुळीत कुर्ता, पुढ्यात पेटी. म्हणाले, “ताई, तुम्हीसुद्धा तीस दिवसांत पेटी शिकू शकता.”

संगीताला कुणी आजवर ताई म्हणून असं समोर बसून काही शिकवलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “बरं.”

गुरुजींनी सांगितलं म्हणून तिनं पेटीचं ॲप घेतलं. फोन आडवा धरला की काचेवर पट्ट्या उमटायच्या. बोट ठेवलं की सूर. सा ते वरचा सा, एका ओळीत. पट्ट्या बोटभरही रुंद नव्हत्या, त्यामुळं ती बोटं ज्वारी निवडल्यासारखी टोकाटोकानं चालवायची. वरचा सा नेमका कोळ्याच्या जाळ्याखाली आला होता. तिथं कितीही दाबलं तरी आवाज निघेना. मग तिनं त्यावर उपाय काढला. त्या जागेशी आलं की ती बोट उचलायची आणि तो सूर स्वतः गायची. पुढं पुढं याची इतकी सवय झाली, की आपण काही वेगळं करतोय हेही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

तीस दिवसांत काही झालं नाही. पण पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि संगीताची बोटं वळली. मंडळाच्या सगळ्या चाली बसल्या. गुरुजींनी एक युक्तीही दाखवली होती. ॲपमध्ये वरच्या बाजूला अधिकचं चिन्ह होतं. ते आठ वेळा दाबलं की बोटं तिथंच आणि पट्टी काळी चार! तिनं ते करून पाहिलं, पहिल्यांदाच मोकळ्या गळ्यानं गायली, आणि खाली चरणारी मेंढरं माना वर करून बघायला लागली.

हे सगळं धोंड्यावरच राहिलं असतं. पण माघात एके दिवशी रतनबाई भाकरी घेऊन कड्यावर आली.

“संगे, मेंढरात पेटी कोण वाजवतंय गं?”

संगीतानं फोन पदराखाली घातला. पदराखालून सा वाजला.

“कुणी न्हाई, आत्या.”

“दाव.”

संगीतानं दाखवलं. रतनबाई धोंड्यावर बसली, एक गौळण ऐकली, दुसरी ऐकली, भाकरीचं फडकं हातातच राहिलं. मग उठली आणि जेवायला न बसता तशीच डोंगर उतरली. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली होती: रतनबाईची सून पेटी शिकलीय, आणि तीही काळी चार.

रतनबाईला खोटं बोलायची सवय नव्हती, फक्त खरं जरा फुगवून सांगायची होती. पाणवठ्यावर सून ‘चांगली वाजवती’ होती, ती देवळापाशी ‘तात्याबापेक्षा चांगली’ झाली आणि केशरकाकूंच्या ओसरीवर पोचेपर्यंत ‘रेडिओवर बोलावलंय’ इथवर गेली. काकूंनी एवढंच विचारलं, “चैत्रातल्या सप्त्याला वाजवील का?”

“न वाजवायला काय झालं?” रतनबाई म्हणाली.

संगीताला कुणी विचारलंच नाही.

पेटी मात्र लागणार होती. तात्याबाकडं मागायची सोय नव्हती, कारण बातमी ऐकल्यापासून तो देवळातही आला नव्हता. काकूंच्या धाकट्या मुलानं, रामनं फोनवरून मागवली. सप्त्याला नऊ दिवस उरले असताना खोकं आलं. खोक्यावर पेटी वाजवणाऱ्या हसऱ्या बाईचं चित्र, आत थर्माकोल, आणि थर्माकोलात चॉकलेटी रंगाची, आरशासारखी चकाकणारी पेटी. वास सगळा पॉलिशचा. उचलली तर सुपाएवढी हलकी.

“हलकीच बरी,” रतनबाई म्हणाली. “सप्त्याला न्यायला सोपी.”

ओसरीवर बायका जमल्या. मृदंगवाला रामहरीही दाराशी येऊन उभा राहिला, बघावं तरी म्हणून. संगीता पेटीपुढं बसली. पदर नीट केला, गुरुजींना मनातल्या मनात हात जोडले आणि सा-वर बोट ठेवलं.

आवाज नाही.

तिनं जोरात दाबलं. आवाज नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. सगळी ओसरी पेटीकडं बघतेय आणि पेटी मुकी.

“चार्जिंग नसंल,” रतनबाई म्हणाली.

रामहरी दारातून म्हणाला, “वहिनी, भाता मारा की!”

आता संगीतानं भाता पाहिला नव्हता असं नाही. तात्याबा पेटीच्या मागं डावा हात हलवतो हे तिनं वर्षानुवर्षं बघितलं होतं. पण चुलीपुढच्या बाईला फुंकणी दिसते तसं. फुंकणीला कोण शिकायला जातं? आणि गुरुजींच्या व्हिडिओत तर वरून फक्त पट्ट्या दिसायच्या, डावा हात कुठं बाहेरच असायचा.

तिनं डाव्या हातानं भाता हलवला. पेटी ओरडली. पण डावा हात हलायला लागला की उजवा थांबायचा, आणि उजव्याकडं लक्ष दिलं की डावा मेल्यागत पडायचा. दोन्ही एकदम चालवायला गेली, तर दोन्ही हात एकाच ठेक्यात वरखाली व्हायला लागले, ताक घुसळल्यासारखे. त्यात पट्ट्या रुंद. ज्वारी निवडणारी बोटं दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडायला लागली. कशीबशी अर्धी ओळ निघाली तेव्हा काकू म्हणाल्या, “अगं, हे तर अजून खालीच हाय. काळी चार घे ना.”

संगीता पेटीच्या वरच्या फळीवर अधिकचं चिन्ह शोधायला लागली. फळीवर मोर कोरला होता.

आधी एक बाई हसली, मग दोघी, मग ओसरीच हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण संगीताला कान गरम झालेले कळत होते. तिनं पेटी पुढं सारली. “मला येत न्हाई, काकू. मला नुस्तं फोनवर येतं.”

तेवढ्यात रतनबाई उठली, लुगडं खोचलं आणि पेटीच्या पलीकडच्या बाजूला येऊन फतकल मारून बसली.

“तू बोटं चालव. भाता मी मारते.”

“अहो, एका पेटीला दोन बायका कशा?” काकू म्हणाल्या.

“कावून? मेंढरू कातरताना काय करतो आमी? एकीनं धरायचं, एकीनं कातरायचं.”

आणि तिनं भाता मारला. मेंढरू धरायचा हात तो. पेटीतून असा सूर निघाला, की कौलावरची चिमणी उडाली. पण सूर निघाला. चौथ्या-पाचव्या वेळेला रतनबाईचा हात जरा मऊ झाला, आणि संगीताची बोटं मोकळी सुटली. पांढरी एकमध्ये का होईना, आख्खी गौळण वाजली. वरच्या साशी आल्यावर संगीतानं बोट उचललं आणि तो सूर गळ्यानं लावला. बायका हसायच्या थांबल्या. काकूंनी रामहरीकडं बघितलं. रामहरीनं मान हलवली, म्हणजे चालेल अशी.

भात्याचा प्रश्न मिटला. पट्टीचा राहिला. पेटीला चिन्ह नव्हतं, आणि काळी चारवरून सा धरला की बाकीचे सूर कुठं पळतात ते संगीताला सापडेना. दोन दिवस तिनं पेटीशी झटापट केली. तिसऱ्या दिवशी ती तात्याबाच्या दुकानात गेली.

तात्याबा मशीनवर होता. तिनं उंबऱ्यातूनच विचारलं, “तात्या, काळी चारमधी कसं वाजवायचं ते दावता का?”

मशीन थांबलं नाही.

“तुझा गुरू फोनमधी हाय ना? त्याला इचार.”

“त्यांला इचारलं तर ते बोलतच न्हाईत. नुस्ते सांगत राहतात.”

तात्याबाला हसू आलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. मग त्यानं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं, बाहेर कुणी नाही ना बघितलं, आणि आवाज इतका खाली आणला, की संगीताला आत यावं लागलं.

“पोरी, मलाबी येत न्हाई.”

“काय?”

“काळी चार. दोनबी येत न्हाई. काहीच येत न्हाई एकशिवाय.” तो खडूकडं बघत बोलत होता. “मी पंचवीस वर्षांचा असताना एक पेटीवाले बुवा सप्त्याला आलते. महिनाभर राहिले, मला काळी एक शिकवली. म्हणले, बाकीच्या पुढल्या साली. पुढल्या साली बुवा आलेच न्हाईत. मी वाट बघितली. मग लोक म्हणाया लागले, तात्याबा पेटीमास्तर. मास्तर म्हणल्यावर कुणाला इचारायची सोय ऱ्हाती का?”

ज्या पेटीमास्तरापुढं सगळं मंडळ दबून होतं त्याला एकच पट्टी येते, हे ऐकून संगीताला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “गुरुजींनी ते शिकवलंय. बाविसावा धडा. मी सोडून दिलता, कारण बटण सापडलं. कड्यावर चला, दोघं बघू.”

“अन् गावात कुणी बघितलं तर?”

“म्हणू, हवा खायला आलतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी संगीतानं नवी पेटी डोक्यावर घेतली आणि तात्याबाला तट्टूवर बसवलं. पुढं मेंढरं, मधे पेटी, मागं तट्टूवर टोपी धरून बसलेला शिंपी, अशी वरात डोंगर चढली. तात्याबाची स्वतःची पेटी सागवानी, दोघांनी उचलायची. ती काही वर गेली नसती. स्वस्त पेटीचा हा एक फायदा मान्य करावा लागेल.

धोंड्यावर गुरुजी लागले. तात्याबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. गुरुजी त्याच्या नातवाच्या वयाचे होते, पण गुरू तो गुरू.

“नमस्कार मित्रांनो,” गुरुजी म्हणाले. “व्हिडिओ सुरू करण्याआधी लाईक करा, शेअर करा, सबस्क्राईब करा, आणि शेजारची घंटी दाबायला विसरू नका.”

“घंटी कुठंय?” तात्याबानं विचारलं.

“ते सोडा, तात्या. पुढं बघा.”

“आजच्या धड्याआधी,” गुरुजी म्हणाले, “आपल्या नव्या कोर्सबद्दल थोडंसं...”

“आधी शिकव बे!” तात्याबा ओरडला. मेंढरं दचकली.

गुरुजी शिकवायला लागले आणि तेवढ्यात नेट अडकलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून गुरुजी थिजले. तात्याबा श्वास धरून बसला. पंचेचाळीस वर्षं थांबला होता, आणखी पाच मिनिटं थांबला. मग गुरुजी हलले आणि म्हणाले, की सा कुठंही धरा, सुरांमधलं अंतर बदलत नाही. सा, मग एक पट्टी सोडून रे, मग एक सोडून ग, आणि ग-ला म अगदी चिकटून. काळ्या-पांढऱ्याकडं बघू नका, अंतराकडं बघा.

“अंतर,” तात्याबा म्हणाला. त्यानं हाताची वीत पट्ट्यांवर ठेवली, जशी छातीच्या मापाला ठेवावी. “पोरी, हे तर मापच झालं. गिऱ्हाईक बदललं म्हणून बाही खांद्याला लावायची सोडतो का आपण?”

चार दिवस ते दोघं कड्यावर गेले. तात्याबाला कळलं लवकर, पण बोटं जुनी, घरची वाट सोडायला तयार नाहीत. संगीताची बोटं धावायची, पण कुठं जायचं ते तात्याबा सांगायचा. मधून मधून तो तिला भाताही मारायला लावायचा.

“माझं लक्ष गेलं की हात थांबतो,” ती म्हणाली.

“मग लक्ष देऊ नको. मशीन चालवताना माझा पाय काय करतो ते मला ठाऊक नसतं. ठाऊक झालं की दोरा तुटतो.”

तिला जमायचं, चार ओळी. पाचव्या ओळीला दोरा तुटायचा. सप्त्यात भाता रतनबाईच मारणार होती, त्यामुळं तिनं फार मनाला लावून घेतलं नाही.

सप्त्याच्या पाचव्या दिवशी तीन वाजता बायकांचं भजन होतं. मंडप भरला होता. धारूरकडची माणसं आली होती, चौसाळ्याहून काकूंची माहेरची मंडळी आली होती. परमेश्वरनं धुतलेला सदरा घातला होता आणि बायकोपेक्षा त्यालाच जास्त घाम सुटला होता. संगीता पेटीपुढं बसली, पलीकडं रतनबाई नव्या लुगड्यात, गावाकडं अशी बघत, की जणू उद्घाटन तिच्याच हस्ते आहे.

रतनबाईनं पहिला भाता मारला. पेटीवर कुणाचं बोट नाही, आणि तरी पेटी वाजली. एकच सूर, लांबच लांब, भोंग्यासारखा. एक पट्टी खाली बसली होती ती वर यायलाच तयार नव्हती. चार दिवस डोंगरावरचं ऊन आणि मेंढरांची धूळ खाऊन त्या हलक्या लाकडानं अंग वाकडं केलं होतं. रामनं पट्टी नखानं उचलली. सोडली की पुन्हा खाली. रामहरी म्हणाला, ह्याच सुराला सा धरून गा. कुणी हसलं नाही.

तेव्हा मंडपाच्या मागून गलका झाला. दोन पोरं सागवानी पेटी उचलून आणत होती आणि तात्याबा त्यांच्या पुढं वाट काढत होता. त्यानं पेटी संगीतापुढं ठेववली, वरचं फडकं काढलं, घडी करून खिशात घातलं.

“ही घे. त्या डब्याला ऊन लागलंय.”

केशरकाकू बघतच राहिल्या. “तात्याबा, आमी काळी चारमधी गाणार हाय बरं.”

“मग गा की. पेटीला सगळ्या पट्ट्या हायत.” आणि रतनबाईकडं वळून, “रतनबाई, म्हातारी पेटी हाय. मेंढरावानी धरू नका, कोकरावानी धरा.”

पहिली गौळण सुरू झाली. केशरकाकूंनी काळी चारचा सा लावला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा गावानं तो आवाज ऐकला. चौसाळ्याची मंडळी ताठ बसली. संगीताची बोटं अंतरं मोजत चालली होती. वरच्या साशी बोट आपोआप उचललं गेलं आणि तिथं तिचा गळा लागला. काकूंनी मान वळवून बघितलं, आणि पुढच्या वेळी तो सूर तिच्यासाठी मोकळा सोडला. पुढं बसलेल्या एका बुवांनी “वाह!” म्हणून दाद दिली. ती खास हरकत आहे असंच त्यांना वाटलं. तट्टूनं फोडलेल्या काचेची ती करामत कुणाला ठाऊक नव्हती.

शेवटी गजर आला. “विठ्ठल, विठ्ठल” सुरू झालं, लय वाढली, मंडपातले लोक हात वर करून डोलायला लागले. आणि रतनबाईनंही दोन्ही हात वर केले. डोळे मिटलेले, चेहरा देवाकडं, भात्याची शुद्ध नाही.

पेटीतला वारा संपत आला. सूर घसरायला लागला, चालून दमलेल्या माणसासारखा बसायला लागला. “आत्या,” संगीता पुटपुटली. आत्या पंढरीत. “आत्या!” मृदंग पुढं निघाला होता. तात्याबा खांबाशी उभा होता, त्याचा डावा हात नुसत्या हवेत हलत होता.

नंतर संगीताला विचारलं तर तिला सांगता आलं नाही. तिची नजर काकूंच्या तोंडाकडं होती, लय कुठं चालली ते बघत, आणि तिचा डावा हात पलीकडं गेला होता. कधी गेला, कुणी सांगितलं, तिला माहीत नव्हतं. पेटीनं श्वास घेतला. सूर वर आला, पहिल्यांदा जरा गचके खात, मग सरळ. एक-दोन ठिकाणी बोट चुकलं, एकदा भाता थांबला आणि पुन्हा धरला, पण गजर तुटला नाही. चार ओळी झाल्या, पाचवी झाली, दहावी झाली.

टाळ्या पडल्या तेव्हा रतनबाईनं डोळे उघडले. भात्यावर सुनेचा हात बघून तिनं तो बाजूला केला आणि आपला ठेवला. “सोड, सोड. दमशील.”

त्यानंतर फार मोठं काही झालं नाही. बक्षीस नव्हतंच, प्रसादाचा नारळ मिळाला. बिघडलेल्या पट्टीखाली तात्याबानं लोकरीचा दोरा घालून ती पेटी चालू केली, आणि ती काकूंच्या ओसरीवर राहिली. संगीता आठवड्यातून दोनदा तिथं जाते. तात्याबा मशीन बंद करून येतो. पुढच्या एकादशीला त्यानं बाप्यांचं भजन काळी दोनमध्ये धरलं, तेव्हा बाप्ये ओरडले, की लई वर जातंय. तो म्हणाला, सवय करा.

“नीट शिकायला अजून किती दिवस लागतील, तात्या?” संगीतानं त्याला विचारलं.

“तीन वर्षं,” तात्याबा म्हणाला. मग थोडा विचार करून, “आपल्या दोघांला मिळून.”

रतनबाईला मात्र शिकायचं काही उरलेलं नाही. परवा धारूरच्या बाजारात लोकरीच्या पालापाशी चकलांब्याहून आलेली कुणी सोयरी तिला म्हणाली, “तुमची सून पेटी वाजवती म्हणं?”

“सून?” रतनबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. “पेटी मी वाजवते. संगी नुस्ती बोटं फिरवती.”